साडूंच्या रंगपट्ट्या

देवळाली प्रवरेत आंबट कशाला म्हणायचं, हे जिभेने ठरवण्याचा हक्क आमच्या साडूंनी साऱ्या गावाकडून काढून घेतला होता. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, देवदर्शनाला जातात. यांनी घरच्या घरी पीएच मोजायच्या, म्हणजे पदार्थ किती आंबट किंवा खारा ते रंग बदलून सांगणाऱ्या पट्ट्या करायला घेतल्या. जांभळाच्या साली उकळायच्या, तो रस कशात तरी घोटून काचेच्या तुकड्यावर थापायचा आणि वाळवायचा. सगळी गोम त्या 'कशात तरी'मध्येच होती, कारण पट्टी ओली झाली की रंग काच सोडून समोरच्या पदार्थात उतरायचा. साबुदाण्याची खळ झाली, डिंक झाला, जिलेटिन झालं; माझ्या थोरल्या मेहुणीच्या, म्हणजे ताईंच्या, स्वयंपाकघरात एकही पातेलं स्वतःच्या रंगाचं राहिलं नाही. पाहुण्याच्या ओठांना चहा लागायच्या आधी त्यात पट्टी बुडे. साडू ती उजेडात धरत, ताईंना हाक मारत, त्या हातातलं काम टाकून येत आणि 'लालसर', 'पोपटी' असं काही सांगून जात. मग साडू निकाल देत. बायकोला राबवल्याशिवाय या गृहस्थाला शास्त्र सुचत नाही, असं मी घरी कितीदा तरी कुजकटपणे बोललो आहे.

राहात्याला माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तर त्यांनी कहर केला. भर पंगतीत व्याह्यांच्या मठ्ठ्यात पट्टी बुडवली. मठ्ठा गुलाबी झाला. ताई मागून हळूच काहीतरी पुटपुटल्या आणि साडू गंभीरपणे म्हणाले, "चारच्या आसपास हाय. मठ्ठा झ्याक हाय, प्या."

व्याह्यांनी पेला खाली ठेवला. मग त्यांच्या अख्ख्या ओळीने ठेवला. सोयरीक टिकली ती जिलेबीच्या पुण्याईवर. मी साडूंशी वर्षभर बोललो नाही.

अबोला सुटला तो ताई गेल्या तेव्हा. काही महिन्यांनी पुन्हा भेटायला गेलो, तर पुडिंग घट्ट करायला घालतात त्या चायना ग्रासमध्ये रंग अखेर पक्का बसला होता आणि साडूंनी पट्टीच्या एका अंगाला बारीक दिवा, दुसऱ्या अंगाला उजेड मोजणारा सेन्सर बसवून एक डबी केली होती. पट्टीतून किती उजेड आरपार येतो त्यावरून डबीवर आकडा उमटे. रंग डोळ्यांना दिसत असताना एवढा खटाटोप कशाला, असं मी खोचकपणे विचारलं.

"मला दिसत न्हाई," ते म्हणाले. "लाल न् हिरवं मला लहानपनापासून सारखंच. कारखान्यात आकड्याचं मीटर हुतं. घरी ही हुती."

ताईंनी ही गोष्ट सख्ख्या बहिणीलाही कधी कळू दिली नव्हती.

साडूंनी लिंबाच्या रसात पट्टी बुडवली. आकडा बरोबर आला. तरी त्यांनी पट्टी बाहेर काढून माझ्यापुढे धरली.

"कसा रंग हाय, पाव्हनं?"

"लाल," मी म्हणालो.

"नुस्ता लाल?"

मी पट्टी हातात घेतली, खिडकीशी नेली, उजेडात धरली आणि ताई सांगायच्या तसा शब्द शोधू लागलो.