बर्लिनहून न आलेला मंत्री

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीतल्या वरच्या मजल्यावरच्या सरांइतका राजनिष्ठ माणूस अख्ख्या उपनगरात झाला नसेल. फक्त त्यांचा राजा फ्रान्सचा होता आणि त्याला जाऊन पावणेदोनशे वर्षं झाली होती. सर शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्तीनंतर लोक नॅशनल पार्कात फिरायला जातात, सरांनी त्या राजाचं एक मंत्रिमंडळ दत्तक घेतलं. सात मंत्र्यांचं ते मंत्रिमंडळ एका नोव्हेंबरात जेमतेम तीन दिवस टिकलं होतं. "अरे, खातेवाटप होतंय तोवर राजीनामे! त्यांना कोणी धड बसा तरी म्हटलं असेल का?" म्हणून दर नोव्हेंबरात तीन दिवस सर सोसायटीच्या ऑफिसातून सही करून सात प्लास्टिकच्या खुर्च्या आणत आणि चार वाजता प्रत्येकीपुढे चहा ठेवत. अर्थमंत्र्याला बिनसाखरेचा. स्वतःचा चहा उभ्यानेच पिऊन कप बशीवर पालथा घालत.

खुर्च्या परत खाली पोचवायचं काम माझं. मी सरांची यथेच्छ चेष्टा करायचो, पण खोटं कशाला सांगू, उचलताना सहा खुर्च्या कोमट लागायच्या. सातवी गार. "ती परराष्ट्रमंत्र्याची," सर म्हणत. "तो बर्लिनला होता. पद दिलं, पण आलाच नाही."

"सर, खिडकीतून ऊन येतं. सातवी कोपऱ्यात आहे."

"मग हलवून बघ."

हलवली. तरी गारच. त्यानंतर मी चेष्टा जरा कमी केली.

सरांना त्या खुर्चीचं मनापासून दुःख होतं. शेवटच्या आजारपणातही म्हणाले, "सातही जण बसले असते तर चौथा दिवस उजाडला असता रे. आता माझ्यामागे त्यांना चहा कोण विचारणार?"

"मी आहे ना, सर," मी म्हणून गेलो. आजारी माणसाला आपण काहीही कबूल करतो.

सर दिवाळीआधी गेले. नोव्हेंबरात मी सात खुर्च्या माझ्या घरी आणल्या. "येडा झालायस का?" बायको म्हणाली, पण तिन्ही दिवस चहा तिनेच केला. आमच्या हॉलमध्ये दुपारी ऊन येतच नाही. तिसऱ्या दिवशी खुर्च्या उचलायला गेलो. सहा कोमट होत्या, त्याची मला सवय होती. मग सातवीला हात लावला. ती चांगली ऊबदार होती, आणि तिच्यापुढचा कप बशीवर पालथा घातलेला होता. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त, सर भेटल्यासारखं वाटलं.

वॉचमन खुर्च्या मोजून घ्यायला दारात उभा होता.

"आज राहू दे रे," मी त्याला म्हटलं. "उद्याही लागतील."