शंकरअण्णांचा सवाल

लग्न होऊन मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आले तेव्हा संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. आमच्याकडे दुधाचा रतीब शंकरअण्णांचा. म्हैस दारात उभी करायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची, ही इथली रीत. पण कासेला हात लावण्याआधी अण्णा मला विचारायचे, "वैनी, आत्ता कोन बोललं का?"

पहिल्या दिवशी मी घाबरून आत पळाले. त्यांची थोरली बहीण, पारूआक्का, पाठोपाठ आली. "त्याला नसलेली माणसं ऐकाय येत्यात बाई. शिव्या देत्यात. डाक्तर झालं, देवरशी झालं, जोतिबाला नवस झाला. आता एकच करायचं. त्यानं इचारलं की खरं सांगायचं. हसायचं न्हाय."

सगळी गल्ली हे पाळायची. "नाही अण्णा, कुणी नाही," म्हटलं की ते मान डोलवायचे. "आवाज काय जात न्हाईत, वैनी. पर न्हाय म्हणणारी माणसं हाईत तवर चालतंय की!" जवळ माणूस नसलं तर आवाजानं म्हशीचे कान हलले का ते बघायचे. "ती थट्टा करत न्हाय," म्हणायचे.

थट्टा केली ती आमच्या घरच्या जावयांनी. नणंदेचे यजमान गारगोटीहून आलेले, ओसरीवर सुपारी कातरत बसलेले. अण्णांनी त्यांनाच विचारलं. "व्हय की!" ते हसत म्हणाले. "तुमालाच शिव्या घालतंय कोनतरी."

अण्णांच्या हातातली चरवी पडली. म्हैस तशीच सोडून ते घरी गेले आणि दार लावून बसले. मग कुणाच्याच 'नाही'वर त्यांचा विश्वास बसेना. भाकरीत विष आहे म्हणू लागले. शेवटी गावाकडचे भाऊबंद दोर घेऊन आले, बांधून देवरशाकडे न्यायला. आक्का उंबऱ्यात आडवी बसली. "आज जेवला न्हाय तर न्या," एवढीच मुदत तिनं मिळवली.

आणि आमचे जावई अजून पाहुणचार झोडत होते! मला असा संताप आला. जावयाला आमच्यात कुणी बोलत नाही. मी बोलले. "पावणं, ताटावर मग बसा. आधी त्यांच्या दारात जा."

ते गेले. "अण्णा, मी खोटं बोललो," म्हणाले.

"आता खरं बोलताय कशावरनं?" आतून अण्णांनी विचारलं.

जावई तिथंच मातीत बसले. ऊन चढलं तरी उठेनात. आणि एवढा दांडगा गडी रडायला लागला.

दार किलकिलं झालं. "आक्के, भाकरी आण. पावणं उपाशी हाय." अण्णा बाहेर येऊन त्यांच्याशेजारी टेकले. भाकरी मोडून अर्धी त्यांना दिली, अर्धी आपल्या हातात धरली. "रडू नगासा. मला बी लई भ्या वाटतंय. दोघं मिळून खाऊया," म्हणाले आणि घास तोंडात घातला. भाऊबंद दोर काखेत मारून चालते झाले.

पुढं बऱ्याच वर्षांनी अण्णा गेले, आपल्याच अंथरुणात, आक्का उशाशी असताना. गारगोटीहून जावई खांदा द्यायला आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.