आधी समोरच्याची बाजू

धारहून कार्ड आलं तेव्हा मी तात्यांवर चिडलेलोच होतो. एवढ्या थंडीत मांडूला पायी जाऊ नका, असं मी बजावलं होतं. त्यावर, का जाऊ नये याची माझ्यापेक्षा सरस कारणं त्यांनीच मला लिहून कळवली, आणि गेले. येताना ताप घेऊन आले. त्या तापातच सगळं आटोपलं, असं कार्डात होतं...

तात्या माझे आतेभाऊ, धारच्या शाळेत मुलांना निबंध शिकवत. कुणाला काही पटवायचं तर आधी त्याची बाजू लिहा, ती वाचून त्यानेच मान डोलवली पाहिजे, हे त्यांचं वेड. विशेषणांशी तर त्यांचं वैरच होतं. कुणी ‘घोर अन्याय’ लिहिलं की म्हणत, “घोर काढ, अन्याय दाखव.” ऐकायला छान वाटतं. अशा माणसाकडून आपलं काम करून घ्यायची वेळ यायला हवी, म्हणजे कळतं!

माझ्यावर ती आली. देवासला आमचं घर धाकट्या पातीत आणि गोड्या पाण्याची विहीर रस्त्यापलीकडे, थोरल्या पातीत. एका गावात दोन राज्यं! विहिरीचे मालक गोपाळकाका आम्हाला पाणी भरू देत नसत. बायकोला दिवस गेलेले आणि ती लांबच्या तळ्यावरून घागरी आणत होती. थोरल्या पातीच्या दरबारात अर्ज करायचा म्हणून मी तात्यांना बोलावलं. आले, आणि रोज जाऊन बसले गोपाळकाकांच्याच ओट्यावर.

“अर्ज कुणाचा लिहिताय?” मी संतापून विचारलं.

“अजून त्यांचाच,” तात्या शांतपणे म्हणाले.

उन्हाळ्यात विहीर तळ गाठते, एकदा घरात आजारी माणूस असताना काकांना घागरभर पाणी मिळालं नव्हतं, हे सगळं तात्यांनी अर्जात आधी मांडलं. आमचं म्हणणं त्याच्या खाली. अर्ज नामंजूर झाला. कचेरीत दोन्ही बाजूंसमोर हुकूम वाचला, तर त्यातली कारणं तात्यांच्याच शब्दांत! मला रडावं की हसावं कळेना. तात्यांना मागे टाकून मी तरातरा घरी आलो.

संध्याकाळी गोपाळकाका दारात उभे. “मास्तर, आमचं दुखणं इतकं नीट तो मैं खुद नहीं बोल पाता.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “भिया, आमचं झालं की सूनबाईंना भरू द्या पाणी. उन्हाळ्यात मात्र आधी आम्ही.”

तात्यांवर माझं डोकं अधिकच फिरलं. “असं होणार हे ठाऊक होतं, तर आधी सांगायचं ना!”

“ठाऊक कुठलं रे,” तात्या म्हणाले. “मी तर हरलोच होतो.”

आता पुन्हा उन्हाळा लागलाय आणि विहिरीला पाणी कमी आहे. परवा बायको फार उशिरा परतली. काकांच्या घरचं भरून होईतो थांबली होती. काकांच्या सुनेने “यंदा तुमच्याकडचं माणूस गेलंय, आधी तुम्ही घ्या” म्हटलं, तरीही. मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, “तुम्हाला कचेरीला उशीर झाला, अंघोळ राहिली, मुलं तहानेली. तुमचं चिडणं अगदी रास्त आहे.”

मी मान डोलवली. आणि मग तिचं म्हणणं ऐकून घेण्यावाचून मला इलाजच उरला नाही.