मंगलचे सुती सदरे

दोंडाईच्याच्या स्टेशनावर आम्ही सुरत पॅसेंजरची वाट बघत होतो आणि माझी मंगल फलाटावर बसून अंगातल्या नव्या फ्रॉकची शिवण दातांनी तोडत होती. अकरा वर्षांची घोडी! मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मुद्दाम प्रवासासाठी घेतलेला, गळ्याला लेस लावलेला फ्रॉक होता तो, आणि हिने भर चव्हाट्यावर त्याची ही दशा केलेली. पोचवायला आलेली माझी आई म्हणाली, "मारू नको वं तिले." तिने दशम्या माझ्या वडिलांच्या जुन्या सदऱ्यात बांधून आणल्या होत्या. त्या सोडून तिने माझ्या पदरात टाकल्या, सदरा झटकला आणि मंगलपुढे धरला. पोरीने तो उलटा करून घातला, शिवणी बाहेर, आणि गप्प झाली. गाडी आली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पोरले जपजो. तठे आपलं कोनी नही."

तुम्ही गावाकडचे म्हणता, सुरतला गेली आणि सुखी झाली. खोटं नाही. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये यांना रंगखात्यात काम लागलं, गोडादऱ्याला खोली मिळाली. मी पर्वत पाटियाच्या एका शेठकडून साड्यांचे गठ्ठे आणून घरी लेस लावायची, धागे कापायची. गावात आम्हाला वर्षाला एक लुगडं मिळायची मारामार, आणि इथे झोपायला जागा करायची तर आधी कापड सरकवावं लागायचं. पण सगळं कसलं? नायलॉन, पॉलिस्टर, जॉर्जेट. चकचकीत, न विटणारं, न चुरगळणारं. मला तर स्वर्गच वाटला. मंगलला त्यातलं काहीही अंगाला चालायचं नाही.

गावी हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण गावी सगळीच पोरं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती घालत. इथे ती एकटी पडली. नवीन कपडा चढवला की मान वाकडी करून, दंड खाजवत उभी राहायची आणि म्हणायची, "माय, माले टोचस." दिवसातून दहा वेळा. मी म्हणायची, काटे लावलेत का गं त्याला? मग माझी आई गावाहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती वडिलांचे, भावाचे विटलेले सदरे धाडायला लागली. होता होता सहा सदरे झाले. मंगल ते स्वतः धुवायची, स्वतः वाळत घालायची, दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही.

तिला नटायची हौस नव्हती असं समजू नका. चौदाव्या वर्षी तर आरसा सोडायची नाही. तेल चोपडून दोन वेण्या, भांग सरळ रेघेत, सदरा उलटा, बटणं पार गळ्यापर्यंत, बाह्यांना बरोबर तीन घड्या. एक घडी कमी-जास्त झाली की पुन्हा पहिल्यापासून. मग माझ्यापुढे येऊन विचारायची, "मी चांगली दिसस ना?" चाळीतल्या पोरी पंजाबी ड्रेस घालून फिरायच्या, हिला बघून फिदीफिदी हसायच्या. हिला पत्ता नसायचा, नाहीतर असायचा आणि फिकीर नसायची. खरं सांगू? चांगली दिसायचीच ती. मी मात्र तोंडाने कधी म्हटलं नाही. म्हणायची, "हो, दिसतेस बुजगावणं."

शाळेचंही निभावलं होतं. मराठी शाळेतल्या तिच्या बाई मोठ्या मनाच्या. गणवेशाचं कापड टेरिकॉटचं, ते हिला सोसेना, तर म्हणाल्या, त्याच रंगाचं सुती शिवा, मी बघते. तोही ती उलटाच घालायची. बाई हसून म्हणायच्या, "उलटा का असेना, गणितं बरोबर येतात तिची. दहावी नक्की काढेल." ते ऐकून मला मूठभर मांस चढायचं. आमच्या घरात दहावी झालेलं तोवर कुणी नव्हतं.

मग मीच हाताने माती केली.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. खानदेशातला माणूस कुठेही असो, कानबाईला गावी जातो. आम्हीही दरवर्षी जायचो. त्या वर्षी मंगलला सोळावं लागलेलं. आदल्या खेपेला थोरल्या जावेने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "सुरतमा राहतस अन् पोरले फाटका सदरा?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. ते वर्षभर माझ्या काळजात कुसळासारखं सलत होतं. लोकांना दाखवायचं होतं मला. आमचं बरं चाललंय, पोर आमची चांगली आहे, उद्या तुमच्यातलंच एखादं स्थळ येईल, असं बरंच काही डोक्यात होतं.

जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई गल्लीत यायची. मंगल शाळेत असताना मी त्या बाईला बोलावलं आणि सहाच्या सहा सदरे दिले. वर एक झाकणाचा स्टीलचा डबा पदरात पाडून घेतला. घासाघीस करून! हे म्हणाले, "पोरीला विचारलंस तरी का?" मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा, बायकांच्या गोष्टीत तुम्हाला काय कळतं." आई आदल्याच वर्षी गेली होती. आता गावाहून सदरे धाडणारं कुणी उरलं नव्हतं, हे मला त्या वेळी सुचलंसुद्धा नाही.

मंगलने घरी येऊन ट्रंक उघडली. पुन्हा उघडली. मग मला विचारलं, सदरे कुठे? मी म्हटलं, "गावी पुढे धाडलेत, तिथे गेल्यावर घाल." किती सहज आलं तोंडातून! तिने विश्वास ठेवला. तिला खोटं कळायचं नाही, बोलता तर यायचंच नाही.

मिलमधून आलेल्या गुलाबी जॉर्जेटचा ड्रेस मी तीन दिवस बसून शिवला होता. गळ्याला, बाह्यांना जरीची लेस, वर टिकल्या. तो अंगात घालून पोर पॅसेंजरमध्ये ताठ बसून राहिली, पाठ टेकवली नाही. दोंडाईचा आलं का, एवढंच अधूनमधून विचारायची. गावी पोचल्या पोचल्या तिने सासरच्या घरातल्या ट्रंका, फडताळं, धान्याच्या कोठ्यांमागची जागा, सगळं धुंडाळलं. मी म्हटलं, "कानबाई होऊ दे, मग शोधू." जाऊ म्हणाली, पोर कशी बाहुलीसारखी दिसते यंदा! मला आकाश ठेंगणं झालं.

सोमवारी सकाळी विसर्जनाची मिरवणूक निघाली. नारळाची कानबाई नथ घालून चौरंगावर, पुढे वाजंत्री, बायका फुगड्या खेळतायत, ऊन तापलेलं. मंगल माझ्याशेजारी चालत होती. तिचे हात गळ्याशी गेले. मग ती जागच्या जागी पुढे-मागे डोलायला लागली, हात झटकायला लागली, घशातून एक लांब आवाज काढायला लागली. फार सोसवेनासं झालं की ती हेच करायची. लहानपणापासून मी पाहत आले होते. पण जाऊ ओरडली, "कानबाई उनी वं! पोरना आंगमा कानबाई उनी!"

झालं! वाजंत्री जोरात, बायकांचं रिंगण. कुणी हळदकुंकवाने कपाळ भरलं, कुणी खण अंगावर टाकला, कुणी जरीच्या काठाची चुनरी पांघरली. त्यावर दुसरी, त्यावर तिसरी. सुरतेहून आलेल्या प्रत्येकीने कानबाईसाठी काहीतरी चकचकीत आणलेलंच होतं. ते सगळं माझ्या पोरीच्या अंगावर चढत गेलं. तिने गर्दीतून मला शोधलं आणि म्हणाली, "माय, माले टोचस." ओरडून नाही, सांगावं तसं.

मला कळत होतं. तिथे एकट्या मला कळत होतं. दोन पावलं पुढे जाऊन, अहो, देवी नाही, हिला कापड सोसत नाही, एवढं म्हणायचं होतं. पण ज्या जावेने हसून माझी लाज काढली होती, तीच माझ्या पोरीच्या पायावर डोकं ठेवत होती. अख्खं गाव हात जोडून उभं होतं. मंगलला पहिल्यांदा कुणी हसत नव्हतं. मग मीही हात जोडले. तिच्याकडे बघत हात जोडले मी, आणि ती बघत राहिली. नदी येईपर्यंत तिचा आवाज बंद झाला होता. चुनऱ्या काढल्या तेव्हा गळा, खांदे नखांनी ओरबाडून रक्ताळलेले होते. लोक म्हणाले, देवीचं वारं मोठं कडक होतं.

परत आल्यावर तिने सदऱ्यांचं नाव काढलं नाही. मी पुढ्यात ठेवीन ते घालायला लागली. सुलटं. पॉलिस्टर दिलं तर पॉलिस्टर, नायलॉन दिलं तर नायलॉन. आरशापुढे उभी राहायची बंद झाली, वेण्या मी घालीन तशा. दिवाळीनंतर शाळेत जायला उठली नाही. बाई दोनदा घरी येऊन गेल्या. दहावी राहिली ती राहिलीच. चाळीतल्या बाया मला म्हणायच्या, "सुधारली हो तुमची मंगल, चांगलं नेसते-घालते आता." मी रविवारी रविवारी जुन्या कपड्यांच्या बाजारात जाऊन ढीग उपसले. सहातला एकही सदरा दिसला नाही. दुसरे जुने सुती आणले. तिने घातले, पण पॉलिस्टर घालायची त्याच चेहऱ्याने.

त्याला नाव आहे हे फार उशिरा कळलं. चार-पाच वर्षांपूर्वी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरबाईने मंगलला दोन तास बघितलं आणि म्हणाली, ऑटिझम. हट्ट नव्हे, खोड नव्हे, घडणच अशी असते. काहींना कापडाची शिवण खरोखर दुखते. मी तिला कानबाईचं सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं तोवर, यांनासुद्धा नाही, आणि आता तर हेही राहिले नाहीत. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "विचारत राहा तिला. कधीतरी सांगेल."

विचारते ना. हे घालू की ते, रोज विचारते. मऊ मलमल आणते, शिवणी उसवून पुन्हा हाताने घालते. ती गुजरातीत म्हणते, "चालशे." म्हणजे चालेल. माझ्याशी अहिराणी बोलणं तिने केव्हाच सोडलं. परवा तिच्या डोक्याला तेल लावताना मानेखाली ओली जखम दिसली. नव्या गाऊनच्या लेबलाचा प्लॅस्टिकचा दोरा आतच राहिला होता, आठ दिवस घासत होता. आठ दिवस! माझ्या डोळ्यांना धार लागली. म्हटलं, "मला सांगायचं नाही का गं?" तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, कशानेच नाही. म्हणाली, "चालशे."

गावाहून दर श्रावणात फोन येतो. कानबाईला या, मंगलला घेऊन या, तिच्या अंगात देवी आली होती, तिचा मान आहे. मी जात नाही. तुम्हाला वाटतं सुरतेत घर झालं म्हणून गावाला विसरली. गोडादऱ्यात दोन खोल्या आमच्या नावावर आहेत, हे खरं. पण ज्यात बोचलं-खुपलं तर माणूस बिनधास्त ओरडतं, ते घर. ते मी माझ्या पोरीकडून काढून घेतलं, आणि ते परत कुठून आणू हे मला कुणी सांगितलेलं नाही. तीस वर्षं होत आली, मंगल माझ्याकडे पाहुणीसारखी राहते. वाढलेलं खाते, दिलेलं नेसते, आणि कशाला नाव म्हणून ठेवत नाही.