अकरा पांढरे ठिपके

आप्पांच्या अकरा म्हशी होत्या, आणि गेल्या दोन वर्षांत त्यातली एकही त्यांना धड दिसली नव्हती. हे ठाऊक होतं फक्त त्यांच्या बायकोला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, गेलेली नजर परत येत नाही असंही सांगितलं, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवरच दोघांनी ठरवलं, घरी बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलगा ट्रकवर, महिना महिना बाहेर. गोठा, धारा, दूध पोचवणं, सगळं सुनेच्या अंगावर. तिला कळलं असतं तर तिने दुसऱ्याच दिवशी सासऱ्याला खाटेवर बसवलं असतं. आणि चाळीस वर्षं म्हशींमागे चाललेल्या माणसाला दिवसभर घरात करायचं काय, हेच कळत नाही.

कुरणावर आप्पांनी आपली सोय लावली होती. कमरेएवढं गवत, त्यात काळ्या म्हशी. त्यांना सगळं एकच धुरकट दिसे. पण म्हैस चालली की गवतातले नाकतोडे उडतात, आणि ते टिपायला तिच्या पायाशी गायबगळा हजर असतो. पांढरं तेवढं अजून कळत होतं. शिवाय हा पक्षी मोठा मतलबी. आपल्या म्हशीपाशी दुसऱ्या बगळ्याला फिरकू देत नाही. एक म्हैस, एक बगळा. आप्पा बांधावर उभे राहून मान हळूहळू फिरवत ठिपके मोजायचे. अकरा भरले की खुशाल बसायचे. संध्याकाळी सून कौतुकाने म्हणायची, "आप्पा, तुमची नजर म्हणजे घार आहे घार!" बायको लगेच काहीतरी विसळायला घ्यायची.

म्हशी सगळ्या घरच्याच, पण बयो सुनेची. बयो जन्मताच तिची आई मेली, आणि सुनेने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. सुनेला मूल नव्हतं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? ती आपली बयोशी गप्पा मारायची. यंदा बयो पहिल्यांदा गाभण राहिली तेव्हा तिने गल्लीभर सांगितलं, "या वयात आजी होणार हो मी!"

त्या सकाळी ती म्हणाली, "आप्पा, हिची कास भरल्यासारखी वाटते. आज बांधून ठेवू?"

आप्पा वाकले, बघितल्यासारखं केलं. "छे. व्यायला अजून आठवडा आहे. आणि माझ्या डोळ्यांसमोरच तर असते."

दुपारी त्यांनी ठिपके मोजले. अकरा. पुन्हा मोजले, तरी अकरा. एकदोनदा कण्हल्यासारखं ऐकूही आलं, पण डोळ्यांनी हिशेब भरल्यावर कानांचं कोण ऐकतो?

बयो कळपापासून जरा बाजूला जाऊन आडवी झाली होती. पडलेल्या जनावरापाशी नाकतोडे उडत नाहीत. तिचा बगळा तिला सोडून शेजारच्या म्हशीमागे लागला होता, आणि तिथे त्या म्हशीच्या बगळ्याशी त्याचं भांडण चाललं होतं. आप्पांनी ते दोन्ही मोजले.

संध्याकाळी दहा म्हशी परतल्या. सून अनवाणी धावली. आप्पा दिवसभर बसले होते तिथून पन्नास पावलांवर बयो सापडली, थंड झालेली. रेडकू आडवं आलं होतं, तेही गेलं होतं. हात घालून अशी किती रेडकं आप्पांनी आयुष्यात सोडवली होती, त्याची गणती नाही.

तीन दिवस सुनेने धड घास खाल्ला नाही. चौथ्या दिवशी धार काढता काढता तिचा बांध फुटला. "चूक माझीच. मला दिसत होती कास. तुम्ही नको म्हणालात तरी बांधायला हवी होती. मलाच काही कळत नाही, म्हणूनच देवाने मला…"

बायकोने आप्पांचा हात घट्ट दाबला. गप्प राहा, असा.

आप्पांनी हात सोडवून घेतला. "पोरी, तुझी नाही चूक. मला कास दिसलीच नव्हती. मला दोन वर्षं झाली, काही दिसत नाही."

बादलीत पडणारी धार थांबली.

"मग रोज मोजायचात ते?"

"बगळे."

ती चिडली असती, दोन शब्द लागट बोलली असती, तर आप्पांनी ते आनंदाने ऐकले असते. ती इतकंच म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी म्हशी तिने सोडल्या. आप्पा ओट्यावर बसून ऐकत होते. पण म्हशी फाटकाशी येऊन थांबल्या, त्या हलेनात. तिने चुचकारलं, पाठीवर थापा मारल्या, शेवटी काठी उगारली. जनावरांना सवय एका आवाजाची. तो आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. बराच वेळ गेला. मग तिची पावलं ओट्याजवळ आली.

"आप्पा, हाक द्या."

कालपासूनचं तिचं हे पहिलं बोलणं. आप्पा चौकट धरून उभे राहिले. मग त्यांनी रोजच्यासारखी लांब हाक दिली, आणि आप्पा मागून येताहेत असं समजून दहाही म्हशी निमूट चालू लागल्या.