नैवेद्याची वाटी

भाऊ खानावळीत शिरले की हात धुवायचे आणि थेट चुलीपाशी येऊन पातेल्यांची झाकणं उचलायचे. आमटीचं उचललं, ठेवलं. भाजीचं उचललं, ठेवलं. मग माझ्याकडे वळून, लेकरासारखं तोंड करून विचारायचे, "मावशी, गोडाचं कुटं लपवलंय?"

आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मी रागवायचेच, ती गोष्ट वेगळी.

लोणावळ्याला स्टेशनामागे रुळांना लागून माझी खानावळ होती. साखर रेशनवर मिळायची तेव्हाची गोष्ट. गोड म्हणजे गुळाचंच. भाऊ कुरवंड्याचे, रेल्वेत ड्रायव्हर. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारं इंजिन असतं ना, ते चालवायचे. त्यांच्या गावातून इंजिनावर चढलेला पहिला माणूस! ड्यूटीच्या वेळा चमत्कारिक, म्हणून आठवडाभर जेवण माझ्याकडे आणि रविवारी तेवढं घरी, बायकोच्या हातचं.

खाणं मात्र विचारू नका. लापशी असली की लोक भात घेतात तशी भाऊ लापशी घ्यायचे, आणि वर भातही घ्यायचे. पोट असं सुटलं होतं की बरोबरचे ड्रायव्हर म्हणायचे, भाऊ इंजिनात आडवे होऊन शिरतात.

एके दिवशी भाऊ आले आणि झाकण न उचलता पाटावर बसले. मी हातातली पळी खाली ठेवली.

"काय हो, घरी सगळं बरं आहे ना?"

"डाक्टर म्हनला, दसऱ्याच्या आत वजन उतरव, न्हाईतर तुला इंजनावरनं उतरवतो. शेडात बसायचं म्हनं." त्यांनी ताट पुढे सरकवलं. "गावची पोरं कड्यावर हुबी राहून माझा भोंगा ऐकत्यात, मावशी. त्यास्नी काय सांगू?"

आणि केली की शपथ! गोड बंद म्हणजे बंद. चार दिवस निघाले, पण माणूस असा चिडका झाला की कुणी मीठ मागितलं तरी खेकसायचा. पुढच्या बाजारच्या दिवशी मी गूळ आणायला गेले, तर चिक्कीच्या दुकानाच्या मागच्या बाजूला भाऊ उभे. हातात चिक्कीची अख्खी लादी, डोळे मिटलेले, आणि जबडा गिरणीसारखा चाललेला.

"भाऊ!"

लादी पाठीमागे गेली. "काय न्हाई, जरा भाव इचारत हुतो."

"तोंडानं?"

मला असा संताप आला! पण डोळ्यांत पाणी आलेल्या एवढ्या मोठ्या माणसाला बोलणार काय? मी त्यांना हाताला धरून खानावळीत आणलं आणि देवघरातून नैवेद्याची वाटी काढली. लग्नातली, चांदीची, एखादा आवळा मावेल एवढी. मी देवीला रोज तिच्यातून काहीतरी गोड दाखवायचे.

"गोड बंद करायचं नाही," मी म्हणाले, "पण आजपासून हा नैवेद्य तुमचा. एवढाच. वाटी आली की ताटातली एक भाकरी जाणार. आणि कुरवंड्याला चालत जायचं, सायकल बंद."

"येवढ्यानं काय हुतंय, मावशी?"

"देवीला पुरतं. तुम्हाला पुरत नाही होय?"

पहिल्यांदा त्यांनी ती वाटी एका घासात संपवली आणि माझ्याकडे बघत बसले. हळूहळू बोटाच्या टोकानं, चाटून चाटून, जेवणभर पुरवायला लागले. कधी रताळ्याची खीर, कधी लापशी, कधी नुसता गूळ-खोबरं.

मग एका सोमवारी आले ते धोतराच्या सोग्यात काहीतरी लपवून. थेट देवघरापाशी गेले आणि पितळेचा एवढासा गणपती देवीच्या शेजारी मांडला. वर मला नमस्कार!

"हे काय नवीन?"

"घरचा देव हाय. आठवडाभर मी हितं जेवतू, तर त्यो तितं एकटा कशाला?" मग हळूच म्हणाले, "आता देव दोन झालं मावशी. दुसऱ्या वाटीचं कसं करताय?"

अगं बाई! सगळी पंगत हसून हसून आडवी झाली. मलाही हसू आवरेना, तरी मी कमरेवर हात ठेवून सांगितलं, "आमच्याकडे सगळे देव एका वाटीत जेवतात!"

गणपती राहिला. वाटी एकच राहिली.

दसऱ्याच्या तोंडावर डॉक्टरच्या तपासणीचा दिवस उजाडला. पास झाले तर संध्याकाळी इंजिन खानावळीमागून नेताना भाऊ लांब भोंगा देणार, असं ठरलं होतं. कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं. भोंगा वाजला, सगळे उठले, तर ती भलतीच मालगाडी! परत बसले. मी तर गणपतीला दम भरला, आजवर फुकट खाल्लंस, आज तरी काहीतरी कर बाबा.

आणि मग वाजला! असा लांबच लांब वाजला की फडताळातली भांडी थरथरली. लोकांनी ताटं बडवली, मी उलथनं हातात घेऊन रुळांपर्यंत धावले. भाऊ इंजिनाच्या खिडकीतून अर्धे बाहेर, हसतायत नि रडतायत!

ड्यूटी संपवून जेवायला आले तेव्हा मी मोठा वाडगा भरून लापशी पुढे ठेवली. त्यांनी बघितली, बाजूला सारली.

"देवाची वाटी कुटं हाय?"

"अहो, आज घ्या की पोटभर!"

"नगं मावशी. वाडग्यात तेची चव लागत न्हाई."

पुढे कितीतरी वर्षांनी ते इंजिनावरूनच रिटायर झाले. निघताना मी ती वाटी त्यांच्या हातात दिली. गणपती त्यांनी नेला नाही. "ऱ्हाऊ दे. तेला तुमच्या हातचं लागतं." माझ्या देवांना मग मोठी वाटी आली. देवांची चैन झाली.

परवाच्या श्रावणात त्यांची बायको आली. कपाळ मोकळं होतं. पदराच्या गाठीतून तिनं वाटी काढली, घासून घासून पातळ झालेली.

"शेवटपतुर ह्यातच खाल्लं," ती म्हणाली. "मावशीची वाटी मावशीला दे, म्हनलं हुतं."

त्या दिवशी मी गव्हाची खीर केली. वाटी भरून गणपतीपुढे ठेवली, आणि चुलीवरच्या एकाही पातेल्यावर झाकण ठेवलं नाही.