बनूबाईची झोप

मोरिवलीच्या हिरामणने एका केमिकल कंपनीत बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला, तोही बहुतेक रातपाळीत. बॉयलरवाल्याने डुलकी काढायची आणि बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी खाली जायचं, म्हणजे कंपनीसकट अर्धं गाव उडायचं. त्यामुळे रात्री झोपायचं नसतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. झोप दिवसा. सकाळी तो घरी आला की बायको, बनूबाई, खिडकीला गोधडी टांगायची, कुकरची शिट्टी नको म्हणून भात टोपात रांधायची आणि भंगारवाला ओरडला तर त्याच्या अंगावर धावून जायची. हिरामणला आपलं वाटायचं, गल्ली फार शांत आहे.

तीन महिन्यांपूर्वी रिटायर झाला आणि पंचाईत झाली. दहाला पाठ टेकावी तर डोळे टक्क उघडे. दूध पिऊन झालं, तळपायाला तेल चोळून झालं, मोबाईलवर कुणा बाबांचं प्रवचनही लावून झालं. बाबा दमले, हा जागाच. नुसता वैताग. आपल्यापायी बनूचीही झोप मोडते, असं मनात आलं, म्हणून गेल्या महिन्यात अंथरूण उचलून तो बाहेरच्या खोलीत गेला. केवढा त्याग केल्यासारखा ताठ पडून राहायचा.

झालं उलटंच. बनूबाईचे डोळे सुजले, चालताना तोल जाऊ लागला. काल डॉक्टरांनी प्रेशर बघितलं आणि सांगितलं, "आजी, झोप मिळाली नाही तर नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही." हिरामण घाबरला. परतताना रिक्षात म्हणाला, "मी तं बाहेर झोपतो. आता तुला कसला तरास?"

"तुमी बाहेर, म्हणूनच तं," बनूबाई म्हणाली. "तुमी जवल नसलं का वाटतं, ड्युटीवं गेलं. मंग सगली रात कान कंपनीकडं. भोंगा वाजतो का, काय उडतं का."

"म्हणजे मी रातपालीला असताना पण?"

"कवाच नाय लागला डोला."

हिरामणला स्वतःची लाज वाटली. रात्री ही अशी जागी, आणि दिवसभर त्याच्या झोपेवर पहारा. बत्तीस वर्षांत त्याने साधं विचारलंही नव्हतं.

"मंग तू झोपायचीस कवा गं?"

बनूबाई जरा आठवत राहिली.

"तुमी रिटायर झाल्यावं," ती म्हणाली, "पयलं दोन म्हयने झोपली की."